दंतरक्षण व सामान्य दंतोपचार

दंतरक्षण व सामान्य दंतोपचार : दात, हिरड्या व दातांना जबड्यात धरून ठेवणारी ऊतके निरोगी राखण्यासाठी घरी नियमितपणे करावयाच्या उपायांना दंतरक्षण म्हणतात, तर रोग जडल्यावर दंतवैद्याकडून करून घ्यावयाच्या नेहमीच्या उपायांचा अंतर्भाव सामान्य दंतोपचारात होतो. दंतक्षय (दात किडणे) व हिरड्यांचे रोग हे मानवाच्या सर्वांत सार्वत्रिक रोगांपैकी आहेत. दोन्ही रोग सावकाश वाढतात आणि दोहोंच्या प्रारंभी बहुधा वेदना नसते. दात ठणकू लागेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. याच कारणाने अनेकांचा दंतवैद्याशी पहिला संबंध दात काढून घेण्यापुरताच येतो. वस्तुतः रोगाची प्रत्येक पायरी ओळखता येते व पायरी जितकी अलीकडची तितका उपचार लहान, कमी खर्चाचा व कमी त्रासाचा असतो.

रचना : दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग म्हणजे दंतशिखर व जबड्याच्या हाडात रुतलेला भाग म्हणजे दंतमूळ होय. दंतशिखरावर दंतवल्काचे आवरण असते. दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून त्याच्या वजनाचा सु. ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या संयुगांच्या स्फटिकांचा असतो. त्यात जिवंत कोशिका नसल्यामुळे, मोडलेले हाड जसे सांधते तसे फुटलेले वा किडून खड्डा पडलेले दंतवल्क पुन्हा भरून येत नाही. त्याच्या आत तुलनेने मऊ व सूक्ष्म नलिकांनी युक्त असे दंतिन आणि दंतिनाच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जा) असलेला दंतगर असतो. दंतमूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचे पातळ बंधन असते. त्यामुळे चावताना बसणारा दाब हाडावर सौम्यपणे पोहोचतो. दुधाचे दात २० व कायमचे दात ३२ असतात. पहिला दुधाचा दात सामान्यतः ६ महिन्यांच्या सुमारास येतो व अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व दुधाचे दात येतात.

इतिहास : दंतधावनाची परंपरा भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दातवण करावे असे सांगितले असून त्यासाठी करंजासारख्या वनस्पतींच्या काड्या सुचविल्या आहेत. दात किडण्याचे कारण मात्र दीर्घकाळ अज्ञात होते. दाताच्या पोकळीत अळी असते व तीच दात पोखरते, अशी समजूत अनेक देशांत होती. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार यांनी १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. विलबी डी. मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बर्लिन येथे केलेल्या प्रयोगांवरून १८९० मध्ये असे प्रतिपादन केले की, तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून अम्ल तयार करतात व त्या अम्लात दाताची खनिजे विरघळतात. आजच्या उपपत्तीचा हाच पाया आहे. धुरी देऊन दातातील ‘कीड’ काढून दाखविण्याचा प्रकार अजूनही क्वचित पाहावयास मिळतो. परंतु दातात अळी नसतेच, त्यामुळे त्याला कोणताही आधार नाही.

दंतक्षयाची प्रक्रिया : दात स्वच्छ केल्यानंतर काही वेळातच त्यांवर लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो व त्यावर सूक्ष्मजंतूंची वाढ होऊन चिकट थर तयार होतो. या थरास दंतलेप म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यातील एक प्रमुख जंतू होय. साखर मिळताच हे जंतू काही मिनिटांत लॅक्टिक व इतर अम्ले तयार करतात. दंतलेपाचे पीएच मूल्य सु. ५·५ च्या खाली गेले की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर लाळेमुळे अम्ल हळूहळू निष्प्रभ होते व पूर्वस्थिती येण्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. या काळात लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दंतवल्कात परत बसतात. अशा रीतीने दाताच्या पृष्ठावर झीज व भरपाई यांचा व्यवहार दिवसभर चालू असतो. झीज भरपाईपेक्षा अधिक होत राहिली, तरच दात किडतो.

यावरून साखर एकूण किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे ठरते. जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभरात पाचसहा वेळा घेतलेला गोड चहा, बिस्किटे, चॉकलेट वा शीतपेये दातांना अधिक घातक असतात, कारण प्रत्येक वेळी अम्लाचा नवा हल्ला होतो व भरपाईला उसंत मिळत नाही. दातांना चिकटून राहणारे पदार्थही याच कारणाने अपायकारक असतात. गूळ व मध साखरेपेक्षा निराळे मानले जात असले, तरी या बाबतीत त्यांचा परिणाम साखरेसारखाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली आहे की, पदार्थात घातलेल्या साखरेपासून व मध, फळांचे रस इत्यादींतील शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी.

दंतक्षयाची पहिली खूण म्हणजे दातावर दिसणारा खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग होय. या अवस्थेत पृष्ठभाग अभंग असतो आणि स्वच्छता, आहारातील बदल व फ्ल्युओराइड यांच्या साहाय्याने रोग थोपविता येतो. पृष्ठभाग खचून खड्डा पडल्यावर ही संधी जाते. कीड दंतिनात शिरली की गार, गरम वा गोड पदार्थांनी कळ येते. ती दंतगरापर्यंत पोहोचली की विशेषतः रात्री आपोआप ठणका लागतो. पुढे दंतगर मृत होतो व ठणका एकाएकी थांबतो. रोगी याला बरे होणे समजतो. परंतु जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतो व काही काळाने तेथे गळू होते.

हिरड्यांचे रोग : हिरडीच्या कडेशी दंतलेप साचून राहिल्यास हिरडीला शोथ (दाहयुक्त सूज) येतो. निरोगी हिरडी फिकट गुलाबी किंवा नैसर्गिक सावळ्या रंगाची व घट्ट असते. शोथ आलेली हिरडी लाल, फुगीर होते व दात घासताना तिच्यातून रक्त येते. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांनी दात घासणे बंद केल्यावर १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना शोथ आला व घासणे पुन्हा सुरू केल्यावर तो अल्पावधीत नाहीसा झाला. रक्त येते म्हणून त्या ठिकाणी घासणे टाळणे ही सामान्य चूक असून तिच्यामुळे रोग वाढतो.

दंतलेपात लाळेतील खनिजे साचून त्याचे दगडासारखे कठीण कीटण बनते. ते घासून निघत नाही. उपचार न झाल्यास काही व्यक्तींत शोथ खोलवर जातो, हिरडी व दात यांमध्ये पोकळ्या पडतात, त्यांतून पू येतो, तोंडाला दुर्गंधी येते व दाताभोवतीचे हाड झिजते. या अवस्थेस लोकव्यवहारात पायोरिया म्हणतात. गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही व न किडलेले दातही हलू लागून पडतात. धूम्रपान व नियंत्रणात नसलेला मधुमेह यांमुळे हा रोग बळावतो. उलटपक्षी हिरड्यांच्या रोगामुळे रक्तातील साखर नियंत्रित ठेवणे अवघड होते.

दैनंदिन निगा : दात दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी सु. दोन मिनिटे घासावेत. त्यांतील रात्री निजण्यापूर्वीची वेळ अधिक महत्त्वाची असते, कारण झोपेत लाळ फारच कमी पाझरते व तिचे संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे सकाळी दात घासण्याचा प्रघात पक्का आहे. रात्रीचा मात्र पुष्कळ घरांत नाही. ब्रश मऊ केसांचा व लहान डोक्याचा असावा. तो हिरडीच्या कडेकडे तिरपा धरून हलक्या, लहान हालचालींनी दातांच्या बाहेरील, आतील व चावण्याच्या अशा तिन्ही बाजू घासाव्यात. जोराने आडवे घासल्यास हिरडी मागे सरते व मुळाशी खाचा पडतात. ब्रशचे केस वाकताच, साधारणपणे तीन महिन्यांनी, तो बदलावा. दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही. तेथे दातांसाठीचा दोरा किंवा बारीक फटब्रश वापरावा. टाचणीने वा काडीने दात कोरू नयेत.

दंतमंजनाचा खरा उपयोग त्यातील फ्ल्युओराइडामुळे होतो. फ्ल्युओराइडामुळे खनिजांची भरपाई जलद होते व नव्याने बसलेले स्फटिक अम्लास अधिक दाद देत नाहीत. पेस्ट थुंकून टाकल्यावर लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे ते दातांवर राहते. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड व मीठ यांच्या खरखरीतपणामुळे दंतवल्क झिजते. कडुनिंब वा बाभळीच्या काडीचा कुंचला नीट करून ती वापरल्यास दंतलेप निघू शकतो. मात्र काडीतून फ्ल्युओराइड मिळत नाही.

महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण स्त्रियांत, मिश्री लावण्याची सवय आढळते. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड होय. दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने ती दिवसातून अनेकदा लावली जाते व तिचे व्यसन जडते. तंबाखू कोणत्याही रूपात घेतल्यास हिरड्यांची हानी होते व मुखकर्करोगाचा धोका वाढतो. सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे गालांच्या आतील अस्तराखाली तंतू साचून ते ताठ होते व तोंड उघडणे क्रमाक्रमाने कमी होते. या विकाराचे वर्णन १९५३ मध्ये मुंबईत एस. जी. जोशी यांनी केले. त्याचे काही रोग्यांत कर्करोगात रूपांतर होते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दुखत नसला तरी त्वरित तपासून घेतला पाहिजे.

फ्ल्युओराइडाचे प्रमाण : अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्झ या शहरात १९४५ पासून पिण्याच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्ल्युओराइड मिसळण्यात आले व त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दंतक्षय निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. भारतात मात्र अनेक भागांत उलट प्रश्न आहे. यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्ल्युओराइडाचे प्रमाण लिटरमागे १·५ मिग्रॅ. या मर्यादेपेक्षा अधिक आढळते. दात बनत असण्याच्या वयात असे पाणी प्यायल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात व दीर्घकाळ प्यायल्यास हाडांवरही परिणाम होतो. हे डाग घासून जात नाहीत. पाण्याचा स्रोत बदलणे किंवा पाण्यातील फ्ल्युओराइड काढणे हाच उपाय होय. तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची ‘नळगोंडा’ पद्धती नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरणीय अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली.

मुलांचे दात : दुधाचे दात पडणारच असल्याने त्यांची निगा अनावश्यक आहे, हा समज हानिकारक आहे. हे दात चावण्यास व उच्चारास आवश्यक असतातच. शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा ते राखून ठेवतात. दुधाची दाढ अकाली काढावी लागल्यास शेजारचे दात त्या जागेत कलतात व कायमचे दात वेडेवाकडे येतात. तिच्या मुळाशी झालेल्या गळवामुळे खालच्या कायमच्या दाताचे दंतवल्कही सदोष होऊ शकते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपविल्यास वरचे पुढील दात झपाट्याने किडतात. पहिला दात दिसताच तो घासण्यास प्रारंभ करावा आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाने त्याचे दात स्वतः घासून द्यावेत.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही. यामुळे पालक तिला दुधाचीच दाढ समजतात व ती किडली तरी ‘पडेल व नवी येईल’ म्हणून वाट पाहतात. नवी दाढ कधीच येत नाही. चावण्याचा मोठा भार पेलणारी ही दाढ अशा गैरसमजापायी कित्येक मुले शालेय वयातच गमावतात. तिच्या पृष्ठावरील खोल खाचांत अन्न अडकते. दाढ पूर्ण उगवताच त्या खाचा राळेच्या पातळ लेपाने बुजविल्यास किडीस चांगला प्रतिबंध होतो. हा लेप लावताना दात कोरावा लागत नाही.

खेळताना वा पडून कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो शिखराकडून धरावा, मुळास हात लावू नये व घासू नये. माती लागली असल्यास दुधाने वा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुऊन तो जागच्या जागी बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे जावे. दात कोरडा पडल्यास तो पुन्हा रुजण्याची शक्यता झपाट्याने घटते. दुधाचा निखळलेला दात मात्र परत बसवीत नाहीत.

सामान्य उपचार : (१) कीटण काढणे : कंपने निर्माण करणाऱ्या उपकरणाने हे केले जाते. यामुळे दात सैल होतात अशी भीती असते. कीटणाने व्यापलेल्या फटी मोकळ्या झाल्यामुळे काही दिवस तसा भास होतो एवढेच; दात सैल करणारे कारण हे कीटणाखालील रोग असते. (२) दात भरणे : किडलेला भाग काढून पोकळी भरली जाते. यासाठी रसमिश्रण (चांदी व पाऱ्याचे), दाताच्या रंगाची संमिश्र राळ किंवा काच-आयनोमर सिमेंट वापरतात. पाऱ्याच्या प्रदूषणाविषयीच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर रसमिश्रणाचा वापर घटत आहे. (३) दंतमूलनलिका उपचार (रूट कॅनल) : कीड दंतगरापर्यंत गेल्यास दंतगर काढून, मुळांतील नलिका स्वच्छ व निर्जंतुक करून त्या भरतात. यामुळे काढावा लागणारा दात वाचतो. अशी दाढ ठिसूळ होऊन तडकण्याचा संभव असल्याने तिच्यावर बहुधा धातूची वा चिनी मातीची टोपी बसवितात. ठणका थांबला म्हणून उपचार अर्धवट सोडल्यास दात बहुधा हातचा जातो. (४) दात काढणे : वाचविता न येणारे दात व वारंवार त्रास देणारी अडकलेली अक्कलदाढ काढावी लागते. जागा स्थानिक संवेदनाहारकाने बधिर केल्यामुळे दाब जाणवला, तरी वेदना होत नाही. वरचा दात काढल्याने दृष्टी अधू होते, ही समजूत निराधार आहे. दात काढल्यावर कापसाची घडी अर्धा ते पाऊण तास दाबून धरावी. २४ तास जोराने चुळा भरू नयेत व तंबाखू टाळावी, अन्यथा जखमेतील रक्ताची गुठळी निघून जाऊन तीव्र वेदना होतात. (५) दंतपूर्ती : गेलेल्या दातांच्या जागी काढघाल करता येणारी कवळी, शेजारच्या दातांवर आधारलेला सेतू किंवा हाडात बसविलेल्या टायटॅनियमाच्या खुंटीवरील दात बसविता येतो. कवळी रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी.

घरगुती उपाय व धोक्याची लक्षणे : लवंगेच्या तेलाने ठणका तात्पुरता कमी होतो, रोग तसाच राहतो. ॲस्पिरिनाची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास तेथे भाजल्यासारखी जखम होते. प्रतिजैव औषधे मनाने घेऊ नयेत. किडलेल्या दाताचा मूळ दोष त्यांनी जात नाही. गालावर वा हनुवटीखाली पसरणारी सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होणे ही लक्षणे जंतुसंसर्ग मानेच्या ऊतकांत पसरत असल्याची खूण असून ती जिवावर बेतू शकतात. अशा वेळी सूज शेकत न बसता रोग्यास ताबडतोब रुग्णालयात नेले पाहिजे.

गर्भारपणी हिरड्यांतून रक्त येण्याचे प्रमाण वाढते, म्हणून त्या काळात स्वच्छता अधिक काटेकोर असावी. आवश्यक दंतोपचार चौथ्या ते सहाव्या महिन्यात करून घेणे सोयीचे असते. हृदयविकार, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे व हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांची माहिती उपचारापूर्वी दंतवैद्यास द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. वृद्धावस्थेत लाळ कमी होऊन उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते. त्यामुळे परावलंबी वृद्धांचे दात घासून देणे हे त्यांच्या शुश्रूषेचे एक अंग मानले पाहिजे.

दंतसेवा : भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्यांच्या नोंदणीची व शिक्षणाच्या नियमनाची व्यवस्था झाली, २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये व शासकीय दंत महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सामान्य उपचार अल्प दरात मिळतात. तक्रार नसतानाही वर्षातून किमान एकदा कुटुंबातील सर्वांचे दात तपासून घेणे हितावह असते. पांढऱ्या डागाच्या अवस्थेत सापडलेली कीड थोपविण्यास ब्रश व फ्ल्युओराइडयुक्त पेस्ट पुरेशी होते, तर ठणक्याची वाट पाहिल्यास त्याच दातासाठी अनेक बैठकींचा उपचार किंवा दात गमावणे एवढेच पर्याय उरतात.